विकतचा सात नंबर

"तू इथून जावास म्हणून मी रोज प्रार्थना करायचे," कागदी पिशवीचं तोंड दुमडत ओफा आत्या म्हणाली. "आता सोडली. आता गरज उरली नाही." एवढं बोलून तिनं पिशवी बेकरीच्या काउंटरवरून पुढे सरकवली, हात एप्रनला पुसले आणि मागच्या माणसाकडे मान वळवली, "तुला काय रे, नेहमीचंच ना?" रेवी होटेने जागचा हलला नाही. पिशवीत दोन साधे पाव होते, लोणी नाही, काही नाही. सामन्याच्या सकाळी तो एवढंच खायचा आणि ते इथूनच घ्यायचा. मार्चपासून घेत होता. या बाईनं आजवर त्याला हसून पाव दिले होते, 'आज पाऊस यायचा नाही बरं का' म्हणून सांगितलं होतं, आणि सगळा वेळ देवापाशी त्याच्या नावानं हे चाललं होतं.

"गरज उरली नाही म्हणजे?" त्यानं विचारलं.

"म्हणजे तुझ्या जुन्या घरचा माणूस गुरुवारी आमच्याकडे येऊन गेला. सँडी पॉइंट क्लबचा. चहा प्यायला, बिस्किटं संपवली आणि आमच्या सोसाइयाला मागितलं. पोरगा म्हणाला, आत्या सांगेल तसं. मी म्हटलं, शनिवारी इथेच सामना आहे तुमच्याशी, तो बघते, मग सांगते."

"आणि काय सांगणार?"

"हो सांगणार. दुसरं काय सांगू? इथे बाकावर बसून त्यानं काय अंडी उबवायची आहेत?"

रांगेतली माणसं हसली. रेवीही हसला, कारण न हसून करणार काय. साउथ क्रीकच्या सगळ्या वस्तीला ठाऊक होतं की सोसाइया हवेआ हा पोरगा पलीकडच्या चिखलाच्या मैदानावर सहा वर्षांचा असल्यापासून रग्बी खेळतोय, क्लबच्या प्रत्येक वयोगटाच्या संघात त्यानं सात नंबरचा शर्ट घातलाय, आणि यंदा मोठ्या संघाचा सात नंबर त्याच्याच अंगावर चढायचा होता. सात नंबर म्हणजे संघाचं सुकाणू. चेंडू कुठे जायचा, कोणी कुठून धावायचं, लाथ कधी मारायची, हे तो ओरडतो आणि बाकीचे ऐकतात. पण ऐन हंगामाच्या तोंडावर क्लबच्या वरच्या लोकांना धीर निघाला नाही आणि त्यांनी ब्रिस्बेनच्या सँडी पॉइंटहून रेवी होटेनेला आणलं. बत्तीस वर्षांचा, दोनदा लीग जिंकलेला, न्यूझीलंडकडून खेळलेला, टीव्हीवर दाढीच्या ब्लेडची जाहिरात केलेला. घरात वरण शिजत असताना हॉटेलातून डबा मागवावा तसं झालं होतं हे, आणि वस्तीतल्या निम्म्या लोकांना डबा आवडला होता, निम्म्यांना वरणाची आठवण येत होती. न्हाव्याच्या दुकानात यावरून भांडणं व्हायची. चर्चबाहेर व्हायची. मैदानात रेवीचा एखादा पास चुकला की गवताच्या उतारावरून हमखास आरोळी यायची, "विकतचा! विकतचा तो विकतचाच!" त्या आरोळीत दर वेळी एक बाईचा आवाज असायचा, आणि तो कुणाचा हे त्याला आत्ता, हातात पिशवी घेऊन उभं असताना कळत होतं.

टोंगा बेटांवरून आलेल्या घरात आत्याचा शब्द बापाच्या शब्दावर. ती बसल्याशिवाय कुणी बसत नाही, आणि ती नाही म्हणाली तर लग्नंसुद्धा मोडतात. म्हणजे हे ठरल्यासारखंच होतं. तो फुटपाथवर आला, गाडीपाशी उभ्या उभ्या त्यानं पहिला पाव तोडला, आणि अर्धा पाव खाऊन होईपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. साधासुधा नाही. पोरगा जाणार. बाकावरची ती नजर जाणार. चौदा नंबरचा, राखीव खेळाडूचा शर्ट घालून, गुडघ्यांवर कोपरं टेकून तो आपल्याकडे बघत असायचा. द्वेषानं बघितलं असतं तर परवडलं असतं. पण तो बघायचा ते परीक्षेच्या आदल्या दिवशी फळ्याकडे बघतात तसा. आपण लाथ मारायच्या आधी त्याचा पाय हलायचा. हे आठवून रेवीचे स्वतःचेच पाय फुटपाथवर नाचायला लागले, आणि एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता तो म्हणाला, "आज जोरात दिसतोयस!" रेवी म्हणाला, "आज आमच्या जुन्या सोयऱ्यांशी गाठ आहे ना!" आणि म्हाताऱ्यानं मूठ उंचावली.

सोयरेच ते. गाडी चालवताना अंगात वीज खेळत होती आणि डोक्यात हंटली. हंटली म्हणजे न्यूझीलंडमधलं त्याचं कोळशाच्या खाणींचं गाव, मधून वायकाटो नदी, नदीकाठी वीजघराची दोन धुराडी, आणि हिवाळ्यात मैदानावर पांढरं दव. पोरं अनवाणी खेळायची. पाय बधिर झाले की कुंपणापलीकडच्या गाई उठवायच्या आणि त्या बसलेल्या उबदार जागेवर, नाही तर सरळ ताज्या शेणात पाय घालून उभं राहायचं. असेच पाय शेणात घालून तो उभा होता तेव्हा सँडी पॉइंटचा माणूस पहिल्यांदा त्याला भेटला. पंधरा वर्षांचा होता तो. त्या माणसानं हसू दाबलं नाही, नाकही धरलं नाही, सरळ म्हणाला, "पाय धुऊन ये, मग बोलू." घरी आईनं डुक्कर आणि पाणभाजीचं मोठं भांडं रटरटत ठेवलं होतं, पाहुण्यानं तीनदा वाढून घेतलं आणि चौथ्यांदा वाडगा पुढे करत विचारलं, "द्याल का पोरगा?" बाप खाणीतून आलेला, डोळ्यांच्या कडांना काजळी. तो भिंतीकडे बघून म्हणाला, "वाढवाल का त्याला?" वाढवीन का, असं तो माणूस म्हणाला, वाढवणं हाच आमचा धंदा. आणि खोटं नव्हतं बोलला. त्यांनी त्याला वाढवलं. कसं पडायचं, कसं उठायचं, पाठीमागे न बघता मागचा माणूस कसा ऐकायचा. खुणेचे शब्द शिकवले. तिथले सगळे शब्द माशांचे. बारामुंडी म्हणजे उजवीकडून आतला पास. मलेट म्हणजे उंच लाथ. आणि स्नॅपर. स्नॅपर त्याचाच, त्याच्यासाठीच बनवलेला: डावीकडे धावायचं, डावीकडेच बघायचं, आणि शेवटच्या क्षणी सगळ्यांच्या डोक्यांवरून लांबलचक पास, पार डाव्या कोपऱ्यात. स्नॅपरवर त्यांनी एक अंतिम सामना मारला होता. मग एका सकाळी त्याच क्लबनं त्याला काचेच्या चौकटीत त्याचाच शर्ट घालून दिला आणि म्हणाले, आम्ही आता तुझ्या जागी पोरगा शोधतोय, एखादा घडवायचा म्हणतोय. राग यावा असं त्यात काहीच नव्हतं, आणि त्याला इतका राग आला होता की चौकट हातात घेऊन तो पार्किंगमध्ये आपली गाडी कुठली ते विसरला. तो पोरगा त्यांना साउथ क्रीकला सापडला होता तर. आपल्याच बाकावर. रेवीला एकदम हसू फुटलं, मोठ्यानं, एकट्यालाच, आणि शेजारच्या गाडीतल्या बाईनं काच वर केली.

ड्रेसिंग रूममध्ये मलमाचा वास, चिकटपट्ट्या फाडल्याचे आवाज, कुणीतरी लावलेलं गाणं आणि कुणीतरी बंद केलेलं. सोसाइया कोपऱ्यात घोट्याला पट्टी गुंडाळत बसला होता. एकोणीस वर्षांचा, मान बैलासारखी, चेहरा अजून शाळेतला.

"काका, गुडघ्यांना तेल घातलं का? मघाशी पायऱ्या चढताना आवाज आला."

"तुझ्या डोक्यात आला असेल. पोकळ आहे ना."

"सोयऱ्यांशी आज गोडीनं खेळा बरं का. म्हातारपणी घरी परत घ्यावं लागेल त्यांना तुम्हाला."

नेहमीसारखंच बोलत होता. आज संध्याकाळी आत्या हो म्हणणार आणि हा ब्रिस्बेनला जाणार, याची खूण त्याच्या तोंडावर कुठेच नव्हती. का असावी? रेवीच्या तोंडावर तरी होती का? तो बूट बांधत राहिला आणि त्याला मार्चमधल्या त्या दुपारी आठवल्या. आल्या आल्या प्रशिक्षक डेस यानं त्याला मागच्या मैदानावर या पोराच्या हवाली केलं होतं. "आमचे शब्द शिकव रे याला." ज्याची जागा गेली त्यानंच जागा घेणाऱ्याला शिकवायचं, डेसला यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि पोरानंही चेहरा वाकडा केला नव्हता. साउथ क्रीकचे शब्द खाण्याचे होते, तळणाच्या आणि केकच्या दुकानातले. चिको, डिमसिम, लॅमिंग्टन. आणि रेवीच्या तोंडातून मासेच निघायचे. मग पोरगा थांबवून भाषांतर करायचा, "नाही काका, तुमचा मलेट म्हणजे आमचा डिमसिम. तुमची बारामुंडी म्हणजे आमचा लॅमिंग्टन. तुमचा स्नॅपर म्हणजे आमचा चिको, पण आमचा चिको जरा आखूड असतो, आमच्याकडे एवढा लांब पास मारणारा कुणी नव्हता." रेवी चमकला होता. तुला आमचे शब्द कसे माहीत? "टीव्हीवर रेफरीच्या माइकमधून ऐकू येतात ना. मी आणि माझे भाऊ मागच्या अंगणात तुमचा सामना लावून खेळायचो. मी तुम्ही व्हायचो." एवढं बोलून पोरानं चेंडू फेकला होता, जरा जास्तच जोरात, तो रेवीच्या छातीवर बसला होता. मी तुम्ही व्हायचो. चेंडू तसाच छातीशी धरून रेवीनं पुढचा शब्द विचारला होता.

आणि मग खेळाडूंच्या बोगद्यातून बाहेर, ऊन, गवत, आरोळ्या, आणि समोर ते निळे शर्ट. अंगावर काटा आला. त्यातल्या प्रत्येकाची पाठ त्याला ओळखीची होती. कोण कुठल्या खांद्यानं येतो, कोण दमला की डावा हात कमरेवर ठेवतो. पहिल्याच धडकेत त्याच्या जुन्या मित्रानं त्याला जमिनीत गाडला आणि कानात म्हणाला, "घरची आठवण येते का रे?" उठताना रेवीच्या तोंडात माती होती आणि तो हसत होता. इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तीन पास जमले, एक लाथ कोपऱ्यात अशी बसली की उतारावरचे वरणवालेसुद्धा उठून उभे राहिले. पोरगा जाणार, पोरगा जाणार, हे रक्तात ठेका धरून वाजत होतं, आणि त्या ठेक्यावर तो धावत होता. मध्यंतराला ते पुढे होते. मध्यंतरानंतर मात्र बत्तीस वर्षांनी आपलं येणं वसूल करायला सुरुवात केली. आधी पिंढऱ्या, मग श्वास, मग कान. दमल्यावर त्याचे कान आधी जायचे, आवाज लांबून यायचे, गावाबाहेरच्या जत्रेतून आल्यासारखे. निळे शर्ट एकदा रेषेपलीकडे गेले, मग पुन्हा गेले. साउथ क्रीकच्या सहा नंबरचा खांदा निखळला आणि डेसनं सोसाइयाला आत पाठवला. उतारावर जो गलका झाला तो रेवीसाठी आजवर कधी झाला नव्हता.

दोघं आता शेजारी शेजारी. घड्याळ संपत आलेलं, दोन गुणांनी मागे, एक ट्राय मिळाला की संपलं, चेंडू घेऊन रेषेपलीकडे जायचं आणि टेकवायचा, बस. चार वेळा त्यांना अडवून पाडलं होतं; अजून दोनदा पाडलं की चेंडू गेला. चेंडू मागून रेवीच्या हातात आला. पुढे जे झालं ते झालं त्याहून फार सावकाश त्याच्या आत घडलं. डावीकडे जागा दिसली. पाय आपण होऊन डावीकडे वळले, डोळे डावीकडे, फुप्फुसं जळत होती, समोर ते निळे शर्ट, ज्यांच्यात तो तेरा वर्षं उभा राहिला होता, तोच वास, तेच चेहरे, आणि त्याच्या तोंडातून, अगदी पोटाच्या तळातून, शब्द निघाला: "स्नॅपर!"

निघाल्याबरोबर कळलं. जिभेवरच कळलं. साउथ क्रीकच्या संघात स्नॅपर नावाचं काही नाही. त्याचा तगडा पुढचा गडी, ज्यानं त्या क्षणी आडवं धावायला हवं होतं, तो थबकला आणि त्यानं वळून बघितलं. कोपऱ्यातला विंगर हात पसरून उभा राहिला, दुकानात नसलेली वस्तू मागितल्यावर दुकानदार राहतो तसा. आणि निळे शर्ट? निळ्या शर्टांना शब्द पुरेपूर कळला. त्यांनी शब्द केव्हाच बदलले असतील, पण जुना शब्द अंगात मुरलेला होता. विचार करायच्या आधीच ते सगळे डावीकडे धावले, कोपरा बुजवायला, जिथे स्नॅपर जातो तिथे. संपलं. बत्तीस वर्षांचा, दोनदा जिंकलेला गडी शत्रूच्या भाषेत ओरडला होता आणि आता शत्रूच्याच मिठीत जाऊन पडणार होता. उतारावरची आरोळी त्याला आधीच ऐकू आली: विकतचा. आणि त्याच वेळी उजव्या खांद्यामागून, इतक्या जवळून की मानेला श्वास लागला, एक आवाज आला. मोठा नाही. स्वयंपाकघरात कुणी मीठ मागावं तसा.

"काका."

त्यानं बघितलं नाही. बघायला वेळच नव्हता. हात मागे गेले आणि चेंडू गेला, आणि तो जाताना हाताच्या तळव्यांना कळलं की तो पडत नाहीये, कुणीतरी तो घेतलाय, घेऊन पुढे गेलाय. निळे शर्ट सगळे डावीकडे लोटले होते आणि मधे, ते जिथून निघून गेले तिथे, दिंडी दरवाजाएवढी वाट उघडी पडली होती. पोरगा त्या वाटेनं सरळ गेला. कुणी त्याला हातसुद्धा लावला नाही. रेवी गुडघ्यांवर पडला होता आणि त्याला फक्त त्या बुटांचे तळवे वरखाली होताना दिसत होते, मग खांबांच्या मधोमध पोरगा पसरला आणि चेंडू टेकला, आणि सगळं मैदान उसळलं. त्याला समजलं. पोरानं शब्द ऐकला होता. त्याला तो शब्द कळला होता, तो शत्रूलाही कळणार हे कळलं होतं, ते कुठे धावतील हे कळलं होतं, आणि मग कुठे जागा पडेल हेही. हे सगळं एका श्वासात. रेवीला इतक्या वर्षांत इतकं कुणी वाचलं नव्हतं. आईनंही नाही. त्याला ओरडावंसं वाटलं आणि तो ओरडलाच, गवतात तोंड घालून, शब्दावाचून.

मग सगळे त्याच्या अंगावर. पोराच्या अंगावर निम्मे आणि त्याच्या अंगावर निम्मे. "त्यांनाच त्यांच्या शब्दानं गंडवलं!" "कधी ठरवलंस हे?" डेस धोतर सुटल्यासारखा पळत मैदानात आला, तोंड लालबुंद. "कोल्हा आहेस तू! म्हातारा कोल्हा! मलासुद्धा सांगितलं नाहीस!" आणि टीव्हीवाल्यानं माइक पुढे करून तेच विचारलं, जुन्या क्लबचा जुना इशारा, मुद्दाम सापळा, केव्हापासून डोक्यात होतं? रेवीनं तोंड उघडलं. खरं सांगायला किती शब्द लागतात? तीन. पण शेजारी उभा असलेला सोसाइयाच आधी बोलून गेला, "काकांनी ठरवलंच होतं. मला फक्त मागे राहा म्हणाले." आणि रेवीची मान हलली. हो म्हणून हलली. कुणी हलवायला सांगितली नव्हती. उतारावरून त्याचं नाव येत होतं, पहिल्यांदाच, वरणवाले आणि डबेवाले एकत्र ओरडत होते, आणि ते कानात घेत तो बोगद्याकडे चालत गेला. दहा पावलं गोड गेली असतील. मग पोराचं वाक्य आठवलं. त्यानं आपल्याला झाकलं होतं. आपल्यावर दया केली होती की आदर, हे ठरवता येईना, आणि दोन्ही सारखंच टोचत होतं. शिवाय आज संध्याकाळी आत्या हो म्हणणार आणि हा जाणार. पुढच्या शनिवारी मागून 'काका' म्हणणारं कुणी नसेल. सकाळी ज्या बातमीनं पाय नाचले होते तीच बातमी आता नकोशी झाली, आणि तरी अंगातली ती वीज काही जात नव्हती, उलट वाढतच होती. कारण त्याला आत्ता, तिशी ओलांडलेल्या गुडघ्यांनिशी, पोरासारखं पुन्हा खेळावंसं वाटत होतं. ताबडतोब. त्याच्या शेजारी.

जिंकल्यावर साउथ क्रीकची एक रीत होती. ड्रेसिंग रूमचं दार घरच्या माणसांना उघडायचं, खेळाडूंनी खांद्यावर हात टाकून गोल करायचा, आणि ज्यानं सामना जिंकून दिला त्यानं मधे उभं राहून क्लबच्या गाण्याची पहिली ओळ म्हणायची. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. आया, बायका, कडेवरची पोरं दारातून आत सरकली. ओफा आत्याही होती, बेकरीचा एप्रन अजून अंगावर, हाताची घडी. तिच्या मागे बाहेरच्या बोळात सँडी पॉइंटचं निळं जाकीट घातलेला माणूस फोनकडे बघत उभा होता. पंधरा वर्षांच्या रेवीला पाय धुऊन ये म्हणणारा तो नव्हता. तो केव्हाच वारला होता. पण उभं राहायची पद्धत तीच.

"रेवी! रेवी!" सगळ्यांनी त्याला मधे ढकललं. गोल आवळला गेला.

"ती चूक होती," रेवी म्हणाला.

कुणीतरी खिदळलं. डेस म्हणाला, "गाणं म्हण रे, भाषण नको."

"स्नॅपर चुकून निघालं तोंडातून. दमलो होतो. काही ठरवलं नव्हतं. कुणाला मागे राहा म्हणालो नव्हतो."

"काका, पुरे ना," सोसाइया हळूच म्हणाला. त्याचे कान तांबडे झाले होते. "गा ना."

"बोलू दे त्याला," दारातून ओफा आत्या म्हणाली, आणि खोलीतल्या तिच्यापेक्षा दुप्पट आकाराच्या माणसांनी मान खाली घातली.

"मी ओरडलो, आणि इथे फक्त एका माणसाला कळलं की म्हातारा चुकला, आणि चुकला तर आता काय होईल. मला स्वतःला कळलं नव्हतं." त्यानं सोसाइयाकडे बोट केलं. "त्यानं मला काढलं त्यातून. आणि मग बाहेर खोटंही बोलला माझ्यासाठी. डेस, सात नंबर त्याला दे. मी सहावर खेळतो. त्याच्या शेजारी."

"संघ इथे मी निवडतो," डेस म्हणाला. पण त्याचा आवाज निम्माच निघाला. "आणि तुला सहावर खेळवायला आणलेलं नाही. वरचे लोक मला उलटा टांगतील."

"टांगू देत. तू कुणालाही निवड. पण मी पुन्हा सात घालणार नाही. मला शब्द ओरडायचेच नाहीत. मला ते त्याच्याकडून ऐकायचेत." हे बोलताना त्याला जाणवलं की आपण तिथले तेरा आणि इथला हा एक हंगाम दातांत धरून ठेवलेली गोष्ट सोडून दिली, आणि तरी हात रिकामे वाटत नाहीत. त्यानं सोसाइयाच्या दंडाला धरलं, गोलातून ओढून मधे उभं केलं आणि स्वतः मागे सरकून त्याच्या मोकळ्या जागेत शिरला. दोन्ही बाजूंचे घामट हात त्याच्या खांद्यांवर पडले.

पोरगा मधे उभा. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यानं डेसकडे बघितलं नाही, रेवीकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं. आत्याकडे. साउथ क्रीकचा सगळा संघ, प्रशिक्षक, आया, बायका, बोळातला तो निळ्या जाकिटाचा माणूससुद्धा, बेकरीतल्या त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिले. ती रेवीकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि त्याबद्दल ती रागावलेली दिसत होती. मग तिनं हाताची घडी सोडली, मागे न वळता पाठीमागचं दार त्या निळ्या जाकिटाच्या तोंडावर पायानं लोटून लावलं आणि भाच्याला म्हणाली,

"बघत काय बसलायस? गा की. सगळे खोळंबलेत."